पाण्यात उतरायच्या टॉर्चचे सेल उन्हाळाभर कसे ठेवायचे?

वैनगंगाकाठ (भंडारा)
गावच्या बचाव पथकाकडे पाण्याखाली चालणारे तीन टॉर्च आहेत. प्रत्येकात १८६५० चे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन) दोन सेल, एकामागे एक. ३४०० एमएएच, प्रोटेक्शन सर्किटवाले (सेल फार रिकामा झाला की ते करंटची वाट बंद करते). काम पडते जुलै ते सप्टेंबर. बाकीचे महिने फुल चार्ज करून टॉर्चमध्येच, टिनाच्या खोलीत पडून होते. आता मीटरवर दोन सेल शून्य दाखवतात, एक १.४ व्होल्ट. उरलेले तीन चार्ज होतात, पण पहिल्याच्या निम्मेच चालतात. काय वाचवता येईल? अन् पुढे ठेवायचे कसे?

सोल्डरवाला (अकोला)
भाऊ, निम्मे झालेले ते टिनाखालच्या उन्हाने. ४० अंशांत वर्षभर फुल चार्ज पडलेला सेल साधारण तिसरा हिस्सा क्षमता कायमची गमावतो. तोच ४० टक्क्यांवर ठेवला तर १५ टक्क्यांच्या आसपास. ते परत येत नाही.

ठेवताना मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा अन् प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान ठेवा. फुल झाले असतील तर टॉर्च बादलीत बुडवून पेटवा, हवेत हे टॉर्च फार तापतात. विझवून तासाभराने मोजा, लगेच मोजले तर आकडा कमी दिसतो. मग सेल टॉर्चबाहेरच ठेवा. इलेक्ट्रॉनिक बटणाचा टॉर्च बंद असला तरी थोडा करंट खातच राहतो, तुमचे सेल तसेच रिकामे झाले असतील. झाकणाच्या प्लास्टिक डबीत, मातीच्या घराच्या मधल्या खोलीत, खाली जमिनीलगत. तीन महिन्यांनी मोजायचे, ३.५ च्या खाली आले तर थोडे भरायचे.

रात्रपाळी_ओलीत (यवतमाळ)
शून्य म्हणजे मेलाच असे नाही. प्रोटेक्शन सर्किटने वाट बंद केली की मीटरला काहीच दिसत नाही. चांगल्या चार्जरमध्ये टाकला की बहुतेक वेळा जागा होतो. जागा होताच काढून मोजा. २.५ च्या वर असला तर ०.५ अँपिअरवर भरून बघा, २ च्या खाली असला तर भंगार. १.४ वाला तर गेलाच. इतक्या खाली आतले तांबे विरघळते, अन् पुन्हा चार्ज करताना ते जमून आतून शॉर्ट होऊ शकते. दुसऱ्या सेलची वायर लावून झटका देणारे व्हिडिओ सोडा. शेतातल्या टॉर्चमध्ये सेलने वायू सोडला तर तो निघायला फट असते, पाण्याच्या टॉर्चमध्ये बहुधा नसते. दाब साठला तर झाकण गोळीसारखे सुटते.

नवा-जुना सेल एका टॉर्चमध्ये नको. कमजोर सेल आधी रिकामा होतो अन् दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहून त्याला उलटा चार्ज करतो. मार्करने जोड्या लिहा: १अ, १ब. फुल झाल्यावर जोडीत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोडी मोडा. प्लास्टिकचे आवरण फाटलेला सेल वापरू नका, आतला पूर्ण डबा निगेटिव्ह असतो. अन् ९९०० एमएएच छापलेले सेल पाहिले की पुढे चला, या आकारात ४००० च्या फार पलीकडे खरा माल मिळत नाही.

सोल्डरवाला (अकोला)
चार्जिंगचे राहिले. १ अँपिअरवर ३४०० च्या सेलला चार-साडेचार तास लागतात. ४५ अंशांवर चार्ज करायचा नाही, म्हणून मे महिन्यात पहाटे लावा. शेवटी ४.२० यायला हवे. ४.२५ च्या वर गेले तर चार्जर फेका. फरशीवर, नजरेसमोर, अन् घरात कापूस भरला असेल तर त्या खोलीत बिलकूल नाही. गावात न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात चारशेच्या आसपासही व्होल्ट येऊ शकतात, लाईट चढ-उतार करत असेल तर प्लग काढा.

टॉर्च उघडण्याआधी टॉवेलने पुसा अन् तोंड खाली धरून फिरवा. ओ-रिंगवर (झाकणाची रबरी कडी) एक केस किंवा कापसाचा तंतू राहिला तरी पुढच्या बुडीत पाणी आत. पाणी शिरलेल्या टॉर्चमधले सेल पुन्हा चार्ज करू नका.

वैनगंगाकाठ (भंडारा)
दोन्ही दादांचे आभार. एकच विचारतो, फ्रिजमध्ये ठेवले तर?

रात्रपाळी_ओलीत (यवतमाळ)
चालते, पण खालच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी. काढल्यावर डबा तीन-चार तास न उघडता बाहेर राहू द्या, नाहीतर सेलवर दव धरते. अर्धे चार्ज करून मातीच्या घरात ठेवले तरी भागते.