मदत हवी आहे: पित्ताशय काढल्यावर तेल-तूप पचणार कसे?

पांढरे_सोने: खड्यांमुळे माझ्या वडिलांचे पित्ताशय काढले असून आता त्यांना दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागते. पित्तच उरले नाही तर तेल-तूप पचणार कसे, आणि हे जन्मभर असेच चालणार का? आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आडगावाहून तालुक्याला एसटी दिवसातून एकदाच जाते, म्हणून कृपया लवकर सांगावे.

वऱ्हाडी_वाचक: शस्त्रक्रिया केव्हा झाली, वय किती, त्रास कशानंतर सुरू झाला, हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

बांधावरून: कुळथाचा काढा द्यावा. माझा खडा त्यानेच लघवीवाटे पडला.

निवृत्त_विज्ञानशिक्षक: तो मुतखडा होता, पित्ताशयाचा मूत्रमार्गाशी संबंध नाही, आणि इथे तर खड्यांसह पिशवीच काढलेली आहे. पित्त तयार होते यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही 30 ते 50 मिलिलिटर साठवणारी पिशवी. जेवणात तेल-तूप आले की ती आकसते आणि घट्ट झालेले पित्त लहान आतड्यात सोडते, तिथे तेलाचे बारीक थेंब होतात आणि स्वादुपिंडाचा रस ते पचवतो. आता तेच पित्त पातळ, थेंबाथेंबाने सतत उतरत राहील. त्यातले काही मोठ्या आतड्यापर्यंत गेले तर शौच पातळ होते, जे बहुतेकांचे हळूहळू थांबते. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली पहिले पित्ताशय काढले, आणि तेव्हापासून असंख्य माणसे त्यावाचून नीट जेवत आली आहेत.

बांधावरून: पुस्तकापेक्षा अनुभव मोठा असतो, सर.

जवसाची_चटणी: माझ्या सासूबाईंच्या घशाशी आंबट येते, त्यांनीही पित्ताशय काढावे का?

निवृत्त_विज्ञानशिक्षक: नाही, ताई. ते जठरातले आम्ल आहे. बोलताना आपण त्यालाही पित्तच म्हणतो, तिथेच घोळ होतो.

पांढरे_सोने: वय 58, शस्त्रक्रियेला 12 दिवस झाले. रविवारी मारोतीच्या देवळात रोडगे होते. बाबांनी रोडगा कुस्करून त्यावर वाटीभर तूप ओतून घेतले आणि त्याच रात्री हे सुरू झाले.

वऱ्हाडी_वाचक: हे आधीच लिहायला हवे होते!

निवृत्त_विज्ञानशिक्षक: काही आठवडे तूप-तर्री बेताची ठेवून थोडे थोडे चार वेळा खाऊ द्यावे, पाणी भरपूर द्यावे. ताप, पोटात असह्य कळा, पिवळे डोळे किंवा मातकट पांढरा मल, यांपैकी काहीही दिसले तर एसटीची वाट न पाहता मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

पांढरे_सोने: बाबांना खिडकीशी बसवून डोळे पाहिले, पांढरेच आहेत, तापही नाही. सरांचे उत्तर वाचून दाखवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "म्हंजे टाकं गेलं, पण हीर चालूच हाये ना?" गुरुवारी फेरतपासणी आहेच, तेव्हा डॉक्टरांना रोडग्यांचेही सांगेन.