हिमांशू राय महोत्सव: कोणते चित्रपट घ्यावेत, प्रती कुठून मिळतील, मूकपट नीट कसा दाखवायचा?

रीळघर (मूळ प्रश्न)

मंडळी, आमची फिल्म सोसायटी येत्या हिवाळ्यात हिमांशू राय यांच्या कारकिर्दीवर शनिवार-रविवार असा कार्यक्रम करतेय. बॉम्बे टॉकीजचे संस्थापक म्हणून त्यांचं नाव लोकांनी ऐकलेलं असतं. पण १९२४ पासून म्युनिक, बर्लिन, लंडन आणि हिंदुस्थान यांची सांगड घालून त्यांनी जे चित्रपट काढले, ते पडद्यावर पाहिलेली माणसं फार थोडी. आम्हाला नेमकं तेच दाखवायचंय.

नाट्यगृह नगरपालिकेचं, ३०० खुर्च्यांचं. पडदा २० फूट रुंद. डीसीपी सर्व्हर (थिएटरांना येणारी डिजिटल प्रत चालवणारं यंत्र) नाही, चांगला प्रोजेक्टर भाड्यानं आणू शकतो. गावातले सतारवादक आणि तबलावादक मूकपटाला प्रत्यक्ष साथ करायला तयार आहेत. कोणते चित्रपट निवडावेत? परवानगी कुणाची लागते? आणि मूकपटात मधेमधे येणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या पाट्यांचं मराठी प्रेक्षकांसाठी काय करायचं?

मालाडकर

तीनच चित्रपट घ्या. जास्त घेतलेत तर माणूस बाजूला राहील आणि नुसती यादी उरेल.

शनिवारी संध्याकाळी ‘शिराज’ (१९२८). लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. रविवारी सकाळी ‘प्रपंच पाश’ (१९२९), सव्वा तास. तुमच्या वादकांना साथीला हाच द्या: छोटा आहे, कथा वेगवान आहे आणि द्यूत, शिकार, विवाह, पाठलाग असे ठळक प्रसंग आहेत. दुपारी ‘अछूत कन्या’ (१९३६). पहिल्या दोन्हींत राय पडद्यावरही दिसतात, एकात नायक शिराज आणि दुसऱ्यात कपटी राजा सोहत. निर्माता स्वतः काय करत होता हे प्रेक्षकांना त्यातूनच कळेल.

‘प्रेम संन्यास’ अर्थात ‘लाइट ऑफ एशिया’ (१९२५) पूर्ण दाखवला नाहीत तरी त्याची सुरुवातीची दहा मिनिटं दाखवाच. हिंदुस्थान पाहायला आलेल्या युरोपीय प्रवाशांपासून चित्रपट सुरू होतो आणि बुद्धाची कथा त्यांना सांगितली जाते. चित्रपट कोणत्या प्रेक्षकाला डोळ्यांपुढे ठेवून काढला हे त्या दहा मिनिटांत स्पष्ट दिसतं. आरंभीच्या पाटीत स्टुडिओतले सेट, कृत्रिम प्रकाश, रंगभूषा यांपैकी काहीही वापरलेलं नाही असं अभिमानानं सांगितलंय. परदेशात तेच विकलं जात होतं.

व्याख्यानात या चित्रपटामागच्या कराराला जरूर वेळ द्या. म्युनिकच्या एमेल्का कंपनीनं दिग्दर्शक, कॅमेरामन, यंत्रं आणि चित्रीकरणानंतरचं काम द्यायचं; इकडून कथा, नट, स्थळं आणि हिंदुस्थानातल्या चित्रीकरणाचा पैसा. इकडे भांडवल कमी होतं, पण राजवाडे, हत्ती, घोडे आणि माणसं संस्थानिकांकडून मिळू शकत होती. राय यांनी हे ओळखलं, आणि निर्माता म्हणून त्यांचं मोठेपण मला यातच दिसतं. पुढच्या दोन मूकपटांना बर्लिनची उफा आणि लंडनची ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्स अशा दोन परदेशी भागीदार मिळाल्या. पटकथाकार निरंजन पाल यांचं नाव मात्र गाळू नका. राय यांच्याइतकाच या सगळ्याचा पाया त्यांनी घातलाय.

पाटीवाचक

परवानगीचं सांगतो. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे हे तिन्ही चित्रपट भारतात केव्हाच मुक्त झालेत. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ यांच्या चांगल्या प्रती ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जतन करून तयार केल्यात. ती प्रत हवी तर त्यांच्या अटी आणि भाडं मान्य करावं लागतं. शिवाय ‘शिराज’ला अनुष्का शंकर यांचं (२०१७) आणि ‘प्रपंच पाश’ला नितिन साहनी यांचं संगीत आहे, त्याचे हक्क ताजे आहेत.

म्हणून पहिल्याच पत्रात विचारा: संगीताशिवाय दाखवता येईल का, आणि तशी फाइल मिळेल का? होकार लेखी घ्या. काही वेळा प्रत विशिष्ट संगीतासकटच दाखवण्याची अट असते, आणि ते आयत्या वेळी कळलं तर वादकांची सगळी तालीम फुकट जाते. बाजारातली डिस्क लावणं हा पर्याय धरूच नका, ती घरगुती वापरासाठी असते. ‘अछूत कन्या’साठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा.

ज्या प्रतीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र नाही तिच्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली सूट घ्यावी लागते. प्रत निश्चित झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. तुमची सोसायटी फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनची सदस्य असेल तर त्यांच्यामार्फत विचारलेलं सोपं.

अठराफ्रेम

आता पडद्याचं. मूकपटांचा सगळ्यात जास्त अपमान इथेच होतो.

पहिली गोष्ट वेग. ३५ मिमीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). हजार फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींनी ११ मिनिटांत संपतं, २० नं १३ मिनिटं २० सेकंद घेतं, १८ नं जवळजवळ १५. १९२० च्या दशकातला चित्रपट सरसकट २४ नं सोडला की माणसं तुरुतुरु पळतात, प्रेक्षक हसतात आणि शोकांतिकेचं प्रहसन होतं. चांगल्या डिजिटल प्रतीत हे आधीच सांभाळलेलं असतं: २० च्या वेगासाठी दर पाच चौकटींमागे एक पुन्हा दाखवून सहा करतात, १८ साठी तीनाच्या चार. त्यामुळे आडव्या हालचालीत किंचित झटका जाणवतो, तो दोष समजू नका. प्रत आली की तिची लांबी संस्थेनं कळवलेल्या लांबीशी ताडून पाहा. दहा-पंधरा मिनिटं कमी भरली तर एकतर वेग चुकलाय किंवा प्रत अपुरी आहे.

दुसरी गोष्ट आकार. मूकपटाचं चित्र ४:३ च्या जवळपास असतं. १९२० × १०८० च्या प्रोजेक्टरवर ते १४४० × १०८० एवढंच दिसलं पाहिजे, दोन्ही बाजू काळ्या. प्रोजेक्टरवाल्याची सवय पडदा भरण्याची असते. मग चेहरे रुंद होतात किंवा डोकी कापली जातात. मेनूमधलं ‘फुल’ आणि ‘झूम’ दोन्ही बंद करायला सांगा. चाचणीसाठी चंद्राचं किंवा चाकाचं दृश्य लावा, गोल गोलच दिसायला हवा. नाट्यगृहाचे काळे पडदे दोन्ही बाजूंनी चित्राच्या कडेपर्यंत ओढून घ्या. २० फुटी पडद्याला निदान ५,००० ते ६,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर लागेल. वादकांचे दिवे असणार, त्यामुळे कमी घेऊ नका.

साथीबद्दल. चित्रपट २०-२५ तुकड्यांत तोडा आणि प्रत्येकाची सुरुवातीची वेळ, दृश्याची खूण, राग किंवा लय आणि शेवट कसा करायचा, एवढं एका तक्त्यात मांडा. खूण नेहमी दृश्याची द्या (‘फासे हातातून सुटतात’), नुसत्या मिनिट-सेकंदावर भरवसा ठेवू नका. वादक डाव्या बाजूला खाली, पडद्याकडे तिरके. दिवे झाकलेले आणि खाली वळवलेले. त्यांच्यासमोर छोटा मॉनिटर ठेवलात तर तो मुख्य चित्राच्या मागे पडत नाही ना ते तपासा. स्वस्त वायरलेस जोडणीत पाव सेकंदाचा फरक पडतो आणि तबल्याची थाप फाशांनंतर येते. पूर्ण चित्रपटासह किमान दोन तालमी करा. आणि प्रतीत ध्वनिपट्टी असेल तर तिचा आवाज मिक्सरवरच शून्य करा, नाहीतर पहिल्याच मिनिटाला दोन संगीतं एकदम सुरू होतील.

सतत वाजवत राहायची गरज नाही. डाव लावला जातो तेव्हा वीस सेकंद शांतता ठेवून बघा.

पाट्यांसाठी दोन मार्ग. एक, दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरनं मुख्य चित्राच्या खाली मराठी ओळ. पाटीच्या अंगावर अक्षरं टाकू नका, मूळ पाटीची सजावट हा चित्राचाच भाग आहे. पाटी पाच-सात सेकंद टिकते, म्हणून मराठी मजकूर दहा-बारा शब्दांत बसवा. दुसरा मार्ग निवेदकाचा. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारे असतच. निवेदक घेतलात तर पाटीच्या वेळी वादकांनी आवाज खाली आणायचा, हे तक्त्यातच लिहा.

रीळघर

अनेक आभार. संगीताविना प्रतीबद्दल आजच लिहितो. बाहेरच्या दालनात आठ फलकांचं प्रदर्शन करायचंय. त्यात काय टाळावं?

मालाडकर

राय यांच्या ‘कर्मा’ या बोलपटातलं (१९३३) चार मिनिटांचं चुंबन टाळा. ती दंतकथा आहे, प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी लहान आहे. ‘कर्मा’ फ्रान्झ ओस्टेन (वरच्या सगळ्या चित्रपटांचे जर्मन दिग्दर्शक) यांच्या नावावरही टाकू नका, दिग्दर्शक जे. एल. फ्रीअर हंट.

‘जर्मनांनी शिकवलं, आपण शिकलो’ असं एकेरी चित्र नको. बॉम्बे टॉकीजच्या मालाडच्या स्टुडिओत कॅमेऱ्यावर योझेफ विर्शिंग, कलादिग्दर्शनाला कार्ल फॉन श्प्रेटी, रसायनशाळेत विल्हेल्म त्सोले, ध्वनीला इंग्रज लेन हार्टली होते हे खरं. पण ओस्टेन यांना हिंदी येत नव्हतं. ‘अछूत कन्या’ची कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे आणि संगीत सरस्वती देवींचं, म्हणजे खुर्शीद होमजी यांचं. एका फलकावर ही सगळी नावं कामासह शेजारी-शेजारी लावा. त्यावरून व्यवहार दुहेरी होता हे कळतं.

शेवटचा फलक १९३९ चा करा. युद्ध पुकारलं गेलं आणि इंग्रज सरकारनं स्टुडिओतल्या जर्मनांना नजरकैदेत टाकलं. पुढच्याच वर्षी, मे १९४० मध्ये राय गेले. विर्शिंग सुटल्यावर इथेच राहिले, ‘महल’ आणि ‘पाकिजा’चं छायाचित्रण त्यांचं. फोटो घेताना प्रत्येकाच्या मालकाची लेखी परवानगी घ्या: चित्रपट मुक्त झाला म्हणून सेटवरच्या छायाचित्रांचा खासगी संग्रह मुक्त होत नाही. इंटरनेटवरची छोटी चित्रं फलकावर फुटतात. दोन फुटी छपाईला लांब बाजू निदान ३,६०० पिक्सेल हवी.