पुढे २४०० वॅट, मागे ९५ वॅट... खरं कुठलं धरायचं?

खरखर_रेडिओ
मंडळी, एक मदत हवीये. माळा आवरताना काकांची जुनी मिनी सिस्टिम सापडली, नव्वदच्या दशकातली, तीन सीडीचा चेंजर, डबल डेक, दोन सुटे स्पीकर, आणि गंमत म्हणजे ओरिजनल खोकं, मॅन्युअल आणि घडी घातलेलं रंगीत माहितीपत्रक सगळं जसंच्या तसं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. तर पत्रकावर स्पीकरमधून विजा निघतायत, पोरंपोरी हवेत उड्या मारतायत आणि खाली हाताएवढ्या अक्षरात २४०० वॅट पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे आवाजाची कमाल ताकद म्हणे). तोच स्टिकर सिस्टिमच्या तोंडावर पण आहे. आणि मागे प्लेटवर काय, तर वीज वापर ९५ वॅट. म्हणजे भिंतीतून ९५ घेते आणि २४०० देते, हे काय धरण आहे का? 😄

बाकी तक्रारी अशा की डावा डेक प्ले दाबला की आत मोटरचा आवाज येतो पण कॅसेट फिरत नाही. आणि बंद असताना सुद्धा डिस्प्लेवरचे दिवे आपोआप नाचत राहतात, रात्री अंधारात भुताटकी वाटते. हे रिपेअर करण्यात अर्थ आहे का नुसतं शोभेला ठेवू?

डाग_सोल्डरचा
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पीएमपीओला कधी धड व्याख्याच नव्हती, ज्याला जो आकडा छापायचा त्याने तो छापला. क्षणभराचा सगळ्यात वरचा टोकाचा आकडा घ्यायचा, सगळ्या चॅनलची बेरीज करायची, आवाज किती फाटतो ते बघायचंच नाही, आणि तरी भागलं नाही तर पुढे एक शून्य. तुम्हाला पाहिजे तो आकडा आरएमएसचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सलग देऊ शकतो त्या पॉवरचा, तो मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. तिथे पण बघा, शेजारी १० टक्के डिस्टॉर्शन लिहिलंय का. १० टक्के म्हणजे कानाला सरळ सरळ फाटका आवाज, त्यामुळे त्यातून पण थोडे वॅट वजा करा.

स्वतःच शोधायचं असेल तर प्लग काढून, थोडा वेळ थांबून झाकण उघडा. ट्रान्सफॉर्मरजवळ दोन जाडे कपॅसिटर दिसतील, त्यांच्यावर व्होल्ट छापलेले असतात. समजा ३५ व्होल्ट आहे. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारा सप्लाय त्याच्या आतच असणार, नाहीतर कपॅसिटर फुगला असता. स्पीकर ६ ओहमचा धरा. ३५ गुणिले ३५ भागिले ६, साधारण २०४ वॅट, हे एका चॅनलचं क्षणभराचं शिखर, ते पण सगळं आदर्श असेल तर. दोन चॅनलचे ४०८. हा मी कंपनीच्या बाजूने सगळा फायदा देऊन काढलेला आकडा आहे, उरलेले दोन हजार वॅट छापखान्यातून आलेत. (ब्रिज केलेला, म्हणजे एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प मिळून चालवतात तसा असेल तर हिशोब वेगळा, पण घरगुती मिनी सिस्टिममध्ये बहुतेक नसतो.)

मोजून_सांगतो
वरच्यांचं बरोबर पण मागच्या ९५ ला पण ब्रह्मवाक्य समजू नका. ऑडिओच्या वस्तूंचा वीज वापर बऱ्याचदा पूर्ण आवाजावर मोजलेला नसतो, पूर्ण पॉवरच्या आठव्या भागावर मोजतात, कारण गाण्यात सरासरी तेवढीच लागते, ढोल वाजला तेवढ्यापुरती वर उडी आणि परत खाली. त्यामुळे फुल आवाजावर ही सिस्टिम ९५ पेक्षा जास्त खेचू शकते, त्यात चूक काही नाही. मागचा आकडा खरा आहे पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

आणि आणखी एक, वॅट दुप्पट झाले तर आवाज दुप्पट होत नाही हो. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल, जेमतेम जाणवतं. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून ३० च्या जागी ४० वॅट असल्याने तुमच्या खोलीत काडीचा फरक पडत नाही, फरक पडतो स्पीकरने, पण तो एका आकड्यात मावत नाही त्यामुळे पोस्टरवर येत नाही.

जुनी_जाहिरात
हा माझा आवडता विषय असल्याने जरा लांबेल, माफ करा. आकडे फुगवायचं हे खूळ नव्वदचं नाही, साठच्या दशकात अमेरिकेत पण हेच चालू होतं, म्युझिक पॉवर, पीक पॉवर, जो तो आपला पट्टा लांब करून मोजायचा. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर जाहिरातीत द्यायची तर सलग चालणारी द्या आणि सोबत किती ओहमवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, किती डिस्टॉर्शनला तेही सांगा. आणि चाचणीच्या आधी एक तृतीयांश पॉवरवर तासभर तापवून घ्यायचा! त्यात भल्याभल्यांचा घाम निघाला, कारण एक तृतीयांशला अ‍ॅम्प्लिफायर फुल पॉवरपेक्षा जास्त गरम होतो.

पण कॉम्पॅक्ट सिस्टिम म्हणजे सगळा डबा असं समजू नका. छोट्या खोक्यातून खोल बास काढायची खरी करामत आहे १९५४ ची, एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या एआर कंपनीचा बंद खोक्याचा स्पीकर. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे कपाटाएवढं खोकं लागत नाही. त्याच क्लॉसने पुढे केएलएच या कंपनीत उचलून नेता येईल असा सूटकेसमधला स्टिरिओ काढला. आणि तिकडे जर्मनीत १९५६ चा ब्राउन एसके ४, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकाच पांढऱ्या पेटीत आणि वर पारदर्शक झाकण, लोकांनी त्याला नाव पाडलं स्नो व्हाइटची शवपेटी. ते झाकण आधी पत्र्याचं करणार होते म्हणे पण वाजताना थरथरायचं. पुढे सगळ्या जगाने पारदर्शक झाकण उचललं.

मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांनी हातावर मावतील असे चंदेरी मायक्रो कंपोनंट काढले, टेक्निक्सचे बघा कधी फोटोत, काय सुबक! प्रत्येक डबा खरंच सुटा. आणि तुमच्या काकांच्या सिस्टिममध्ये? समोरून चार डबे एकावर एक रचल्यासारखे दिसत असतील, पण ते एकच प्लास्टिकचं तोंड आहे, मध्ये नुसत्या खाचा पाडल्यात. मला विचाराल तर २४०० वॅटपेक्षा ती खाच जास्त मोठी थाप आहे, कारण आकडा निदान वाचावा तरी लागतो.

ते नाचणारे दिवे म्हणजे डेमो मोड. दुकानात शोकेसमध्ये गिऱ्हाईक थांबावं म्हणून. म्हणजे जाहिरात मशीनच्या पोटातच बसवलेली! डेमो किंवा डिस्प्ले लिहिलेलं बटण दाबून धरा. काही मॉडेलमध्ये घड्याळ लावलं की आपोआप बंद होतं.

बेल्ट_वितळला
डेकचं सांगतो. मोटर फिरते पण कॅसेट नाही = बेल्ट गेला, डोळे झाकून. या वयात रबराचा डांबरासारखा लगदा होतो. बोटाने उचलू नका, आठवडाभर नखातून जात नाही, आणि कापडाला लागला तर कापड गेलं. कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फ्लायव्हील आणि मोटरची पुली दोन्ही चकाचक करा, खाचेत जरा जरी राहिलं तरी गाणं लडखडतं. मापाला दोरा घ्या, बेल्टच्या वाटेने फिरवा, येईल त्यापेक्षा जरा आखूड बेल्ट आणा, ताण पाहिजे ना. हेड (टेप वाचतो तो भाग) आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) त्याच काडीने पुसून घ्या.

सीडी अडकायला लागली तर फक्त लेन्स पुसा. लेझरच्या बाजूला बारीक स्क्रू दिसतो तो फिरवू नका. मी फिरवला होता. असो.

हळू_आवाज
सगळेच जाहिरातीला धुताय म्हणून एक उलटं बोलतो. ती मेगा बास, टी-बास वगैरे बटणं निव्वळ भपका नव्हती. आवाज कमी ठेवला की माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून ठेवलंय. रात्री हळू आवाजात ऐकताना बास वाढवणं योग्यच आहे. प्रॉब्लेम एवढाच की लोक ते बटण दाबून वर व्हॉल्यूम पण फुल करायचे.

खरखर_रेडिओ
सगळ्यांचे आभार! रविवारी उघडली. कपॅसिटर खरंच ३५ व्होल्टचे निघाले, डाग साहेब तुम्ही आत बसून बघत होतात का? मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर ४० वॅट अधिक ४० वॅट, आणि हो, १० टक्के डिस्टॉर्शनला. समोरच्या खाचा पण बघितल्या, आधी इतकी वर्षं कधी दिसल्याच नव्हत्या.

स्पीकरची जाळी काढली तर अजून एक. वर थ्री-वे लिहिलंय, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळे तीन स्पीकर, तीन गोल दिसतात पण, वायर दोघांनाच आहे. तिसरा चकचकीत गोल आहे ना, तो मागून नुसता प्लास्टिकचा, खोक्याला भोकसुद्धा पाडलेलं नाही.

डेमो बंद झाला, बटण दाबून धरल्यावर. संध्याकाळी काकांना फोन करून विचारलं की २४०० वॅट बघून घेतली होती का, तर म्हणाले वॅटबिट कोण बघतंय रे, दुकानात दिवे नाचत होते म्हणून घेतली, ते बंद कशाला केलेस. आता येतील तेव्हा परत चालू करून ठेवायला लागणार.

डाव्या डेकची पुली पुसून झाली, दोन तास गेले. दोऱ्याने माप २३ सेंटिमीटर आलंय तर बेल्ट किती आखूड घेऊ? आणि उजव्याचा अजून चालतोय तर त्याला हात लावू का राहू दे?

बेल्ट_वितळला
२१ ते २२ मधला घ्या. उजव्याचा पण आत्ताच बदला, तो चालतोय म्हणजे पुढच्या महिन्यात लगदा होणारे.