मदत हवी आहे: कोळंबीचे कल्ले काळे पडलेत, बीटा ग्लुकान किती घालू?

खाडीकाठ: तलावातल्या चेकट्रेत (खाद्य तपासायच्या ताटात) येणाऱ्या कोळंबीचे कल्ले काळे दिसायला लागलेत. औषधवाला म्हणतो बुरशी आहे, बीटा ग्लुकानने लढणारी प्रथिनं वाढतात. किलो खाद्याला किती ग्रॅम, एवढंच सांगा. सकाळी मिसळायचंय.

रापणकर: जात कुठली, व्हनामेई की टायगर? किती दिवसांची? क्षारता, अमोनिया?

खाडीकाठ: व्हनामेईच, दुसरं काय असणार! दोन महिने उलटले.

भरतीओहोटी: यीस्ट आणि गूळ रात्रभर भिजवून तलावात सोडा. मी औषधात पैसा घालतच नाही.

रापणकर: तळाला गाळ असेल तर तुमच्या गुळाने ऑक्सिजन आणखी उतरेल.

काचपट्टी: काळा रंग बुरशीचा नाही, मेलॅनिन या रंगद्रव्याचा. कोळंबीत आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं बीटा ग्लुकान तिच्या रक्तातली प्रथिनं ओळखतात, प्रोफिनॉलऑक्सिडेज ही मेलॅनिन बनवणारी एन्झाइम यंत्रणा जागी होते आणि बुरशीभोवती मेलॅनिन साचतं. शिवाय पेनिइडिनं नावाची लढणारी प्रथिनं असतात, १९९७ मध्ये व्हनामेईतूनच वेगळी केलेली. ती फ्युजेरियमसारख्या बुरशीची वाढ रोखतात. पण गाळ, अमोनिया, क जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही कल्ले काळे होतात. कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फ्युजेरियम असेल तर होडीच्या आकाराचे, आडवे पडदे असलेले बीजाणू दिसतात.

भरतीओहोटी: बीटा ग्लुकान यीस्टमध्येच असतं. मग मी वेगळं काय सांगितलं?

काचपट्टी: असतं ना. पण ते कोळंबीला आधीपासून सावध ठेवायला. कल्ल्यात शिरलेली बुरशी त्याने मरत नाही.

बाजारहाट: फ्रीजमध्ये कोळंबीची डोकी काळी पडतात, तीही बुरशीच का? कालचीच आहे, टाकून देऊ?

काचपट्टी: नाही हो, मेल्यावरही तेच मेलॅनिन बनवणारं एन्झाइम काम करत राहतं. बर्फात मंदावतं. वास येत असेल तर टाका.

खाडीकाठ: माझ्या धाग्यात फ्रीज कुठून आला? क्षारता १८. अमोनियाचं किट संपलंय. पूर्वेकडचा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद आहे, पण त्याचा इथे काय संबंध?

रापणकर: काळी कोळंबी त्याच बाजूला जास्त आहे का?

खाडीकाठ: हो, तिकडच्याच ट्रेत.

रापणकर: मग आधी एरेटर चालू करा, खाद्य कमी करा, तळाचा काळा गाळ उपसा. पाच-सहा जिवंत कोळंब्या ऑक्सिजनच्या पिशवीतून प्रयोगशाळेत पाठवा. ग्रॅमचं मग बघू.

भरतीओहोटी: आणि यीस्ट.

बाजारहाट: ४० काउंटला (किलोत ४० नग) सध्या काय भाव मिळतोय?