लेक पालथी पडायला लागली आणि रात्रीची झोप उडाली, मदत हवी आहे

नमस्कार तायांनो, आम्ही परभणीचे. लेक पाच महिन्यांची, नुकतीच पालथी पडायला शिकली. दिवसा कौतुक, रात्री नुसता कहर! झोपेतच पालथी होते, एक हात पोटाखाली अडकतो, परत सरळ होता येत नाही, मग रडून घर डोक्यावर. सरळ केली की लगेच पुन्हा पालथी. दुपट्यात गुंडाळणं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, आता हात मोकळे हवेत म्हणून. मोहरीची उशीही काढली. सासूबाई म्हणतात, झोळीत टाक. पण झोळीत वळली तर? मला धीर होत नाही. त्यात लाईट गेली की उकाड्यानं आणखीच किरकिर.

तुमची बाळं स्वतःहून सरळ व्हायला कधी शिकली? दिवसा काही सराव घेतलात का? झोळीचं सासूबाईंना कसं समजावू, तेही सांगा.