मदत हवी आहे: इंडेक्स्डडीबीचं व्हर्जन वाढवलं की जुना टॅब आडवा येतो

मंडळी, ऑफलाइन चालणारं नोंदींचं एक वेब ॲप लिहितोय. आधी सगळं लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली साधी साठवण) होतं. पण तिथे फक्त स्ट्रिंग (मजकूर), तीही साधारण ५ एमबीपर्यंत. म्हणून इंडेक्स्डडीबीवर, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसवर आलो.

आता नवा इंडेक्स हवा म्हणून डेटाबेसचं व्हर्जन १ वरून २ केलं. एकच टॅब असेल तर सगळं सुरळीत. पण दुसऱ्या टॅबमध्ये ॲप आधीपासून उघडं असेल, तर ओपनची विनंती नुसती लटकते: सक्सेस नाही, एरर नाही, येतो फक्त ब्लॉक्ड इव्हेंट. (हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण त्याला हँडलरच, म्हणजे इव्हेंट आला की चालणारा कोडच, लावला नव्हता.) जुना टॅब बंद केला की क्षणात काम पुढे सरकतं.

नव्या कोडमध्ये व्हर्जनचेंज (दुसरा टॅब व्हर्जन वाढवू पाहतोय हे कळवणारा इव्हेंट) आला की डेटाबेस क्लोज करतोय. अडचण आहे ती आधीच उघड्या असलेल्या टॅबची, त्यांच्यात हा हँडलरच नाही. 'बाकीचे टॅब बंद करा' असा संदेश दाखवण्यापलीकडे काही मार्ग आहे का? सर्व्हिस वर्करमधून (ॲपची पार्श्वभूमीत चालणारी स्क्रिप्ट) ते रीलोड करता येतील, पण कुणाची अर्धवट लिहिलेली नोंद उडाली तर शिव्या मलाच बसणार. तुम्ही हे कसं हाताळलंत?