मदत हवी आहे: बेडरूम कोझी करायची आहे, पैसे कमी, दिवस १२

अबोली२२
लोकहो, जरा लवकर सांगा प्लीज. एक बेडरूम सजवायची आहे, कोझी आणि थोडी बायकी, म्हणजे आत पाऊल टाकल्याबरोबर मऊ वाटलं पाहिजे अशी. फिकट गुलाबी रंग दिला, दोन उशा आणल्या, पलंगाच्या डोक्याशी बारीक दिव्यांची माळ सोडली, एवढं सगळं केलं तरी संध्याकाळी खोली दवाखान्यासारखी दिसते. शेडकार्डवर जो रंग बघून मी हरखले होते तो हाच का, असं रोज वाटतं. १२ दिवस हातात आहेत आणि बरेचसे पैसे रंगातच गेलेत. आता उरलेल्यात पडदे घेऊ, रग घेऊ, की तो चिकटवायचा वॉलपेपर? एकच काहीतरी सांगा पण नक्की सांगा.

ठिपका
खोली केवढी आहे? खिडक्या किती, कुठल्या दिशेला? घर भाड्याचं की स्वतःचं? उरलेलं बजेट म्हणजे किती? फोटो टाकलात तर सगळ्यात बरं. एवढं कळल्याशिवाय नक्की कसं सांगणार?

रंगारी
रंगच चुकलाय, बाकी काही आणू नका. फिकट गुलाबी लहान खोलीत नेहमीच फसतो, मी स्वतःच्या घरी दोनदा अनुभव घेतलाय. पलंगामागची एकच भिंत गेरूच्या छटेत रंगवा, उबदार दिसेल. एका लिटरमध्ये एक हात साधारण १० ते १२ चौरस मीटर होतो, म्हणजे एका भिंतीला दोन हात मारूनही दोन लिटर पुष्कळ झाले. रविवारी एका दिवसात काम उरकतं.

अबोली२२
रंग परत नाही देणार, दोन महिन्यांपूर्वीच तर दिलाय. खोली १० बाय ११, एक खिडकी. घर भाड्याचं, घरमालकांनी खिळे मारायचे नाहीत असं बजावलंय. बजेट म्हणाल तर घरचं महिन्याचं वाणसामान येतं तेवढंच, पलंग-कपाट आहे तेच राहणार. फोटोत रंग वेगळाच येतो म्हणून टाकत नाहीये.

गच्चीवरचीवेल
झाडं आणा! मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली. मनी प्लांट तर कोणाकडूनही एक फांदी मागून आणा, पाण्यात ठेवा, दोन आठवड्यांत मुळं फुटतात, पैसे शून्य. शिवाय हवा शुद्ध राहते, नासाने सिद्ध केलंय.

निळीशाई
नासाचा तो अभ्यास १९८९ चा, आणि प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते. राहत्या घरात हवा सतत आतबाहेर होत असते. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा निघालं की हवेच्या येण्याजाण्याने जेवढी सफाई होते तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला १० पासून १००० झाडं लागतील. पीस लिली सुंदरच दिसते, पण हवेसाठी खिडकी उघडा.

गच्चीवरचीवेल
१००० झाडं कोण लावायला सांगतंय? माझ्या उशाशी सहा कुंड्या आहेत, सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा हिरवं दिसतं आणि मला तेवढं पुरतं. हवेचं तुमचं बरोबर असेल, पण झाडांनी खोली जिवंत वाटते.

मोरपंखी
मला मूळ प्रश्नच पटला नाही. बायकी म्हणजे गुलाबी हे कोणी ठरवलं? १९१८ साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकात चक्क छापलं होतं की गुलाबी रंग ठाम आहे म्हणून तो मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून तो मुलींना. शंभर वर्षांत सगळं उलटंपालटं झालं. गडद हिरव्या खोलीतही बायकीपणा असू शकतो, माझी खोली तशीच आहे, गडद हिरवी भिंत आणि पितळेचा एक जुना आरसा.

रंगारी
१० बाय ११ ला गडद हिरवा? एका खिडकीवर? विहीर होईल हो.

मोरपंखी
माझी ९ बाय १० आहे, विहीर झाली नाही. लहान खोलीला फिकटच रंग हवा हा नियम सगळे एकमेकांचं ऐकून सांगत राहतात.

कोपऱ्यातली_खुर्ची
सगळे रंगावरून भांडताय, पण तिने लिहिलंय "संध्याकाळी दवाखान्यासारखी दिसते." अबोली, दिवसा कशी दिसते? आणि खोलीत दिवा कुठला आहे?

अबोली२२
दिवसा छान दिसते, अगदी शेडकार्डसारखी. दिवा म्हणजे ट्यूब आहे की, सगळ्यांकडे असते तशी. एलईडीच आहे, नवीन, खूप पांढरा उजेड पडतो. पण दिव्याचा काय संबंध? मी पडदे-रगचं विचारलं होतं.

निळीशाई
संबंध दिव्याचाच आहे, तुमचा रंग मुळीच चुकलेला नाही. ट्यूबच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असणार, कूल डेलाइट. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर लेप असतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ६५०० के मध्ये निळ्याचं पारडं जड आणि लालचं हलकं. गुलाबी भिंतीला गुलाबी दिसायला लाल प्रकाश परतवावा लागतो, तोच कमी पडला तर भिंत करडी-जांभळट दिसणार, वर आजारी कळा. २७०० ते ३००० के चा वॉर्म व्हाइट आणा आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त आहे का बघा. तो नेहमीचा सीआरआय आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल धरतच नाहीत, म्हणून गडद लालचा आर९ नावाचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तोही पाहून घ्या.

ठिपका
+१. आधी दिवा. माझ्याकडे बहिणीने पडदे तीनदा बदलले होते, शेवटी दोष ट्यूबचाच निघाला.

चांदणचुरा
ट्यूब बंदच ठेवा सरळ! दिव्यांच्या माळा अजून दोन आणा, एक पडद्यामागे सोडा, एक काचेच्या बरणीत भरा. मी वर्षभर संध्याकाळी मोठा दिवा लावलेलाच नाही. खोलीत जितका मंद उजेड तितकी ऊब, एवढं एकच सूत्र आहे.

झोपाळू
सगळं ठीक आहे पण गादी कशी आहे? बेडरूममध्ये पहिला खर्च गादीवर. मी मऊ फोमवर चार वर्षं काढली आणि कंबर धरली, आता मध्यम कडक घेतलीय. सजावट नंतर.

अबोली२२
गादी चांगली आहे, गादीचा प्रश्नच नाहीये. चांदणचुरा, मंद उजेड चालायचा नाही, तिला रात्री शिवायला लागतं.

भरतकामवाली
तिला म्हणजे कोणाला गं? खोली तुझी नाही?

अबोली२२
अहो आईची खोली आहे. मला वाटलं लिहिलंय मी. आई कायमची माझ्याकडे राहायला येतेय, १२ दिवसांनी, आता १० राहिले. वय ६६. तिला आयुष्यात स्वतःची खोली कधी मिळालीच नाही, लग्नाआधी चार बहिणींत एक, नंतर आम्ही. मी लहान असताना एकदा म्हणाली होती की मला गुलाबी भिंतींची खोली हवी होती. म्हणून गुलाबी. मोरपंखी, तुमचं सगळं खरं असेल, पण हा तिचा रंग आहे.

मोरपंखी
मग गुलाबीच. माझे शब्द मागे घेते, मनापासून.

कोपऱ्यातली_खुर्ची
हे आधी सांगायला हवं होतंस, आता सगळंच वेगळं झालं! साठीच्या डोळ्यांत बाहुली आकसते आणि भिंग पिवळसर होतं, विशीतल्या डोळ्याच्या मानाने आतल्या पडद्यापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोचतो. त्यामुळे माळांच्या उजेडात शिवण म्हणजे डोळ्यांचे हाल. पण डोक्यावर एकच झगझगीत ट्यूबही नको, त्या वयात उघड्या दिव्याची तिरीप जास्त टोचते. माझ्या आईसाठी मी असं केलं: छताला वॉर्म दिवा, ८०० लुमेनचा, म्हणजे जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड द्यायचा साधारण तेवढा. आणि खुर्चीशेजारी शेड असलेला उभा दिवा, उजेड डाव्या खांद्यावरून हातावर पडेल असा, म्हणजे सुईच्या हाताची सावली कापडावर येत नाही. बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, बल्ब दिसता कामा नये. आई डावखुरी असेल तर दिवा उजवीकडे. हे दोन दिवे झाले की मग उरलेल्यात पडदे.

चांदणचुरा
अरे, मला वाटलं कॉलेजातली मुलगी आहे. तरी एक माळ राहू द्या, पलंगाखालून सोडा, रात्री उठल्यावर वाट दिसते.

कोपऱ्यातली_खुर्ची
हे मात्र छान सांगितलंत. फक्त वायर पायात येऊ देऊ नका.

सुतारपक्षी
पडद्यांसाठी खिळे नकोत ना, मग स्प्रिंगचा रॉड घ्या, खिडकीच्या चौकटीत दोन्हीकडे दाबून बसतो, भोक पाडावं लागत नाही. खिडकी भिंतीत खोल असेल तरच बसेल, आधी किती खोल आहे ते मोजा. खरं तर रॉड चौकटीच्या १५-२० सेंटीमीटर वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर काढला की खिडकी मोठी दिसते, पण त्याला ड्रिल लागतं. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या, चार फुटांना आठ फूट, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. नवीनच हवं असं नाही, दोन जुन्या सुती चादरी शिवून घ्या.

भरतकामवाली
अगं अबोली, आई शिवते म्हणालीस ना, तिचं जुनं काम काही घरात आहे का? टेबलक्लॉथ, उशीचे अभ्रे? नवीन वस्तू आणण्याआधी ते बघ.

अबोली२२
आहे! माझ्या पेटीत तळाशी एक टेबलक्लॉथ आहे, तिने लग्नाआधी भरलेला. आत्ता उठून काढला. पांढरं कापड आता सायीच्या रंगाचं झालंय, कोपऱ्यांत लेझी डेझीची फुलं, मध्ये पिवळ्या गाठी टाक्याचे ठिपके, आणि एका पानाचा हिरवा दोरा संपला असणार कारण अर्धं पान वेगळ्याच हिरव्यात आहे. एका बाजूला तपकिरी डाग पडलेत.

भरतकामवाली
ब्लीच अजिबात लावू नकोस. जुने दोरे कधी कधी रंग सोडतात, आधी उलट्या बाजूने ओला पांढरा कपडा दाबून बघ, रंग उतरला तर धुवायचंच नाही. नाही उतरला तर कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवं वाळवायचं. डाग राहिले तर राहू देत. एका कोपऱ्याचं फूल लाकडी रिंगमध्ये ताणून लाव, कापायची गरज नाही, उरलेलं मागे दुमडून टाक. रिंग हलकी असते, चिकट हुकवर राहते. बाकी वॉलपेपर वगैरे विसर.

सुतारपक्षी
चिकट हुक नव्या रंगावर लगेच लावू नका, रंगासकट निघून येतो. तीनचार आठवडे तरी जाऊ द्यात.

अबोली२२
रंग दोन महिन्यांपूर्वीचा आहे, मग चालेल. वॉलपेपर खरं तर एका कोपऱ्यासाठी हवा होता, कपाटामागे रंगाला फुगे आलेत आणि जरा काळपट झालंय, ते झाकायला.

ठिपका
हे आत्ता सांगताय?!

रंगारी
थांबा, तिथे काही चिकटवू नका. ओल आहे ती, वर झाकलंत तर आत बुरशी वाढत जाईल आणि आईंना त्याच खोलीत झोपायचंय. ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या हवेतली आहे ते आधी बघा. भिंत फडक्याने कोरडी करा, वीतभर ॲल्युमिनियमची फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. फॉइलच्या वरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय. खालच्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला ओलं निघालं तर पाणी भिंतीतून येतंय, मग नळ-गच्ची काय ते घरमालकांना बघायला लावा. मी घाईत तसाच रंग मारला होता एकदा, सहा महिन्यांत पापुद्रे सुटले.

अबोली२२
लावते आजच. आणि रगचं काय? पलंगाशेजारी छोटा, मऊ लोकरी हवा होता.

कोपऱ्यातली_खुर्ची
माझं मत नको असं आहे. छोटा सुटा रग म्हणजे रात्री पाय अडकायची जागा.

चांदणचुरा
उठल्या उठल्या गार फरशीवर पाय ठेवायचा का मग त्यांनी? खाली रबराची जाळी टाकली की हलत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची
जाळीने सरकत नाही, पण कडा वर वळते तिचं काय? घ्यायचाच तर मोठा, पातळ, पलंगाचे पुढचे दोन पाय त्याच्यावर येतील असा. लोकरी तर नकोच.

झोपाळू
पलंगाची उंची बघितली का? बसल्यावर आईंचे तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत, नाहीतर उठताना रोज जोर लागतो. गादीची जाडी धरून मोजा.

अबोली२२
झोपाळू, हे बरं झालं विचारलंत. आई माझ्याएवढीच उंच आहे, मी बसून बघितलं, चवडे टेकतात पण टाचा अधांतरी राहतात. सुतारपक्षी, लाकडी पलंगाचे पाय कापता येतात का?

सुतारपक्षी
येतात, भरीव लाकूड असेल तर. आधी अर्धा इंच कापा, बसून बघा, मग पुढचं. चारही पायांवर एकाच पट्टीने खूण करा, नाहीतर डुगडुगेल.

अबोली२२
चार दिवसांनी लिहितेय. छताला २७०० के चा दिवा लावला, संध्याकाळी साडेसातला खोलीत गेले आणि दारातच थांबले, शेडकार्डवरचाच गुलाबी होता, कोपऱ्यापर्यंत. उभा दिवा मैत्रिणीकडे पडून होता, तिने दिला, फक्त शेड नवीन घेतली. फॉइल आज काढली, वरून दव होतं, खाली कोरडं. म्हणजे कपाट भिंतीला चिकटून होतं त्याचाच दोष ना?

रंगारी
हो, तोच. भिंत आणि कपाट यांत चार बोटांची फट ठेवा, खिडकी रोज थोडा वेळ उघडा. काळपट भाग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळला की फुगलेला रंग खरवडा, उरलेल्या डब्यातला एक हात मारा. तोच गुलाबी.

अबोली२२
भाऊ उद्या येतोय, कपाट तोच सरकवेल आणि पलंगाचे पायही कापेल. पडद्यांचं कापड घेतलं नाही, जुन्या चादरी शिवणार. रगचे पैसे वाचवलेत, आई आल्यावर तिलाच विचारते. टेबलक्लॉथ धुतला, रंग सुटला नाही, डाग राहिलेत. दोन हिरव्यांचं पान आहे तोच कोपरा रिंगमध्ये लावलाय.